शिक्का एकच, खडे वेगळे : मुतखड्याच्या डॉक्टरांना आणि आरोग्य खात्याला खुलं पत्र

राज्यातल्या सगळ्या युरॉलॉजिस्ट डॉक्टरांना, त्यांच्या संघटनांना, आणि आरोग्य खात्यात बसून योजना ठरवणाऱ्या साहेबांना,

सप्रेम नमस्कार.

मी जळगावला राहते, घरून डबे करून देते, रोजचे 30-35 डबे जातात. मिस्टर टेम्पो चालवतात. मुलगी बी.फार्मच्या तिसऱ्या वर्षाला आहे. हे सगळं आधीच सांगते कारण पुढे काही आकडे येतील, ते मी मनाने लिहिलेले नाहीत, मुलीने कॉलेजातून वाचून आणून मला बसवून समजावून दिलेले आहेत, आणि जे मला समजलं तेवढंच लिहितेय.

मागच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं मुतखड्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्यांदा. वय वर्षं 23. बिल भरून आम्ही खाली बाकावर बसलो होतो, बहिणीने कार्ड माझ्या हातात दिलं, म्हणाली ताई बघ गं पथ्य काय लिहिलंय, आणि मी बघितलं तर खालच्या कोपऱ्यात जांभळ्या शाईचा रबरी शिक्का मारलेला. "भरपूर पाणी पिणे. टोमॅटो, पालक, कोबी, वांगी, दूध वर्ज्य." माझ्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत मिस्टरांची तीन डिस्चार्ज कार्डं आहेत, 2014, 2017 आणि 2020 ची, तिन्ही वेगवेगळ्या दवाखान्यांची, आणि तिन्हींवर हाच मजकूर आहे, दोनांवर शिक्का आणि एकावर हाताने लिहिलेला, एवढाच काय तो फरक. घरी येऊन चारही कार्डं पलंगावर शेजारी शेजारी ठेवली तेव्हा मला रडूच आलं. एक माणूस शुगरवाला, चाळिशी ओलांडलेला, दिवसभर स्टिअरिंगवर बसणारा. दुसरा चटई कंपनीत शिफ्टला जाणारा पोरगा. दोघांचे खडे वेगळ्या जातीचे, व्हायचं कारण वेगळं, आणि पथ्याचा शिक्का मात्र एकच. त्या दिवशी ठरवलं की आता हे लिहायचंच.

आधी एक सांगते. तुमच्या ऑपरेशनबद्दल माझी काहीही तक्रार नाही. 2014 ला धुळ्याहून येताना यांना पहिली कळ आली, गाडी कशीबशी बाजूला घेतली आणि हा सहा फुटी माणूस डांबरी रस्त्याच्या कडेला मातीत लोळत होता, उलट्या करत होता, क्लीनर पोराने मला फोन केला तो रडतच. मी दोन बाळंतपणं काढलीयेत, मला कळ माहितीये, पण यांचा तो चेहरा मी आजही विसरलेली नाही. त्या रात्री ज्या डॉक्टरांनी दुर्बिणीने खडा काढून यांना मोकळं केलं त्यांचे उपकारच आहेत. लेझरने खडा फोडणं, पाठीतून बारीक छिद्र पाडून काढणं, ही कला आहे आणि ती तुमच्या हातात आहे, देव ती तशीच ठेवो. माझी तक्रार ऑपरेशन झाल्यानंतर जे होत नाही त्याबद्दल आहे.

तर 2014 ला पहिलं. खडा काढला, आत नळी टाकली, तुम्ही डीजे स्टेंट म्हणता ती, महिनाभर लघवीला जाताना आग आणि कंबरेत कळ, मग ती काढायला परत एकदा जायचं. 2017 ला दुसऱ्या बाजूला मोठा खडा, तेव्हा पाठीतून काढला. 2020 ला परत. तीन ऑपरेशनं, दोनदा स्टेंट, दर वेळी महिना-दीड महिना गाडी बंद, हप्ते थकलेले, 2017 ला माझी पोत मोडली ती अजून केलेली नाही. आणि या सगळ्यात कोणीच, म्हणजे एकाही माणसाने, खडा झालाच का हे विचारलं नाही.

2017 चा खडा आम्हाला एका छोट्या पारदर्शक डबीत घालून दिला होता. पिवळट-तांबूस तुकडे, वाळलेल्या डिंकासारखे. मी ती डबी टीव्हीच्या शोकेसमध्ये ठेवली, पाहुणे आले की हे काढून दाखवायचे, बघा एवढा निघाला. सहा वर्षं ती डबी तिथे होती डॉक्टरसाहेब. सहा वर्षं उत्तर आमच्या शोकेसमध्ये पडून होतं आणि ते लॅबला पाठवायचं असतं हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. आणखी एक. प्रत्येक वेळी एक्स-रे काढला की तिथला माणूस म्हणायचा, एक्स-रेत खडा दिसत नाहीये, सोनोग्राफीत दिसतोय, सीटी करावं लागेल. सीटीचे पैसे भरले. आता मला कळतं की एक्स-रेत न दिसणं हीच मोठी खूण होती, कारण कॅल्शियमचे खडे बहुतेक एक्स-रेत दिसतात आणि यूरिक अ‍ॅसिडचा शुद्ध खडा दिसत नाही. ही खूण दर वेळी तुमच्या डोळ्यासमोर होती.

2023 ला चौथा खडा निघाला, 11 एमएम, डाव्या किडनीत. ऑपरेशनची तारीख मिळाली. त्याआधी शुगर कंट्रोल करायला म्हणून आम्ही यांच्या शुगरच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी जाता जाता विचारलं की आधीचा खडा तपासलाय का, कशाचा आहे? मी म्हटलं डबी आहे घरी. ती डबी लॅबला गेली. रिपोर्ट आला, पूर्ण यूरिक अ‍ॅसिड. यांच्या लघवीचा पीएच, म्हणजे लघवी किती आंबट ते सांगणारा आकडा, जितका कमी तितकी जास्त आंबट, तो बघितला तर 5. ज्यांना शुगर आहे, वजन जास्त आहे, त्यांची लघवी जास्त आंबट होते आणि आंबट लघवीत यूरिक अ‍ॅसिड विरघळत नाही, त्याचे खडे धरतात, असं त्यांनी एका कागदावर काढून दाखवलं. ऑपरेशन थांबवलं. रक्तातलं पोटॅशियम आणि क्रिएटिनीन (किडनी कशी चालतेय ते त्यावरून कळतं) बघून लघवीचा आंबटपणा कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्या सुरू केल्या, आणि मेडिकलमधून पीएच तपासायच्या कागदी पट्ट्या आणायला सांगितल्या.

त्या पट्ट्यांचं सांगते. सकाळ, दुपार, रात्र, पट्टी लघवीत बुडवायची आणि डबीवरच्या रंगाशी लावून बघायची. पहिल्या दिवशी पिवळीधमक, 5. मग हळूहळू हिरवट छटा यायला लागली, 6, साडेसहा. हे गाडीवर असले की पट्टीचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे आणि मी कॅलेंडरवर दूधवाल्याच्या नोंदीखाली आकडा लिहायचे. साडेसहा ते सातच्या मध्ये ठेवायचं होतं, सातच्या वर जाऊ द्यायचं नव्हतं कारण मग दुसऱ्या जातीचा खडा धरू शकतो. सव्वातीन महिन्यांनी सोनोग्राफी केली. 11 एमएमचा खडा 4 एमएमवर आलेला. आणखी दोन महिन्यांनी काहीच नाही. किडनी साफ. ना भूल, ना लेझर, ना स्टेंट. आता खडा राहिलेला नाही म्हणून डोस कमी करून पीएच सहा ते साडेसहाच्या मध्ये ठेवतो, पट्टी आठवड्यातून दोनदा, आणि तेव्हापासून आजपर्यंत एकही खडा नाही.

हे वाचून तुम्हाला काय वाटलं माहीत नाही पण मला तेव्हा आनंदाच्या आधी राग आला. आधीचे तीन खडे पण याच जातीचे असणार. सगळेच गोळीवर गेले असते असं मी म्हणत नाही, अडकलेला खडा काढावाच लागतो, कळा चालू असताना कोणी तीन महिने थांबू शकत नाही. पण 2014 ला तो खडा तपासला असता तर 2017 आणि 2020 बहुतेक झालंच नसतं.

आता भाच्याचं. त्याचा पहिला खडा कशाचा होता देव जाणे. दुसऱ्या वेळी मी स्वतः ऑपरेशनआधी सांगितलं होतं की साहेब खडा आम्हाला द्या, तपासायचाय. बाहेर आल्यावर विचारलं तर सिस्टर म्हणाली फेकला. फेकला! मग मी पोराला सांगितलं, अजून बारीक तुकडे पडतील, घरी एक जुनी चहाची गाळणी ठेव आणि प्रत्येक वेळी त्यातून लघवी कर. बिचाऱ्याला लाज वाटत होती, पण केलं. पाचव्या दिवशी गाळणीत वाळूसारखे काळपट चार कण मिळाले. तपासले, कॅल्शियम ऑक्झलेट. म्हणजे काकाची गोळी भाच्याला तशीच देऊन चालणार नाही, त्याचा खडा सायट्रेटने विरघळणार नाही, फक्त नवीन व्हायचा थांबवता येईल, आणि त्यासाठी आधी त्याच्या लघवीत काय कमी-जास्त आहे ते बघायला पाहिजे.

त्यासाठी 24 तासांची लघवी तपासतात. गावातल्या तीन लॅबमध्ये फिरलो. एकजण म्हणाला आम्ही फक्त प्रोटीनसाठी करतो, दुसऱ्याला सायट्रेट तपासतात हेच माहीत नव्हतं, तिसऱ्याने पुण्याला पाठवतो म्हणून सांगितलं. पाच लिटरचा कॅन मिळाला. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, वेळ लिहायची, मग दिवसभर-रात्रभराची सगळी कॅनमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची पहिली पण कॅनमध्ये. एक वेळची जरी बाहेर गेली तरी सगळा हिशोब चुकतो. पोराने रविवारी घरी बसून केलं. रिपोर्ट असा की 24 तासांत लघवी फक्त 900 मिली, सोडियम, म्हणजे मिठातलं, भरमसाठ, आणि खडा धरू न देणारं सायट्रेट अगदी कमी. मग त्याचं खाणं आठवलं. कंपनीत शिफ्टमध्ये शेव-मुरमुरे, वडापाव, घरी आल्यावर पापड आणि ठेचा, आणि पाणी म्हणाल तर मशीनजवळ घाम गाळत आठ तास आणि एक बाटली. मीठ जास्त गेलं की किडनी मिठासोबत कॅल्शियम पण जास्त बाहेर टाकते, ते लघवीत येतं आणि खडा धरतं. त्याच्या कार्डावरच्या शिक्क्यात मिठाचा म सुद्धा नव्हता. जे वर्ज्य करायला पाहिजे ते नाही लिहिलं, आणि जे खायला पाहिजे ते दूध बंद केलं.

आता तक्रारी सांगते, मनात जशा आहेत तशा.

पहिली तक्रार खड्याचीच. काढलेला खडा पेशंटचा असतो, तो फेकायचा अधिकार कोणाला नाही. आणि तपासायचा खर्च ऑपरेशनच्या बिलापुढे काहीच नाही.

दुसरी, दुधाची. ही माझ्या फार जिव्हारी लागलीय कारण मी बायांच्या घरात बघते, खड्याचं नाव निघालं की पहिलं दूध-दही बंद होतं, मग चाळिशीत गुडघे आणि पाठ. इटलीत पार्मा इथल्या डॉक्टरांनी 2002 ला छापलेला अभ्यास आहे, लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे आणि वारंवार खडे होणारे 120 पुरुष, निम्म्यांना कमी कॅल्शियमचं जेवण, निम्म्यांना नेहमीएवढं कॅल्शियम पण मीठ आणि मांसमच्छी कमी. पाच वर्षांत कमी कॅल्शियमवाल्या 60 पैकी 23 जणांना परत खडा झाला, दुसऱ्या 60 पैकी 12 जणांना. आणि त्याच्याही आधी 1993 ला अमेरिकेत 45 हजारांवर पुरुषांचा अभ्यास आला होता, जे कॅल्शियम जास्त खात होते त्यांना खडे कमी. कारण सोपंय, ऑक्झलेट पालक-अळूसारख्या भाज्यांतून पोटात येतं, जेवणातलं कॅल्शियम त्या ऑक्झलेटला पोटातच पकडतं आणि संडासवाटे बाहेर नेतं, लघवीत येऊच देत नाही. आपल्या आज्या अळूची भाजी केली की सोबत ताक ठेवायच्या. म्हणजे 1993 पासून माहीत असलेली गोष्ट अजून जळगावच्या शिक्क्यावर उलटी छापली जाते. शिक्का बदलायला किती वर्षं लागतात?

आणि वांगी. खानदेशात राहून आमच्या घरी नऊ वर्षं भरीत झालं नाही. हिवाळ्यात गल्लीभर तुराट्यांवर वांगी भाजल्याचा वास यायचा आणि हे दार लावून घ्यायचे. वांग्यात, टोमॅटोत, कोबीत ऑक्झलेट फार नसतंच, पालकात भरपूर असतं, अळूत असतं, आणि यांचा खडा तर ऑक्झलेटचा नव्हताच. यांना सांगायला पाहिजे होतं मटण-मासे कमी करा, तर ते शिक्क्यात नव्हतं म्हणून रविवारचं मटण चालू होतं.

तिसरी, पाण्याची. भरपूर म्हणजे किती? आमच्या यांना वाटायचं दोन बाटल्या म्हणजे भरपूर. खरा हिशोब पाण्याचा नाही, लघवीचा आहे. दिवसाला अडीच लिटर लघवी झाली पाहिजे, त्यासाठी पुण्यात तीन-सव्वातीन लिटर पुरेल पण जळगावच्या मे महिन्यात 45 डिग्रीत टेम्पोच्या केबिनमध्ये बसणाऱ्याला त्याच्या कितीतरी जास्त लागेल. एक मापाचं भांडं घ्या आणि सुट्टीच्या दिवशी मोजा, एवढं सांगायला काय लागतं. पाणी हे सुद्धा औषध आहे, त्याच पार्माच्या डॉक्टरांनी 1996 ला दाखवलं होतं, पहिला खडा झालेले 199 जण, पाच वर्षं, पाणी वाढवलेल्यांत 12 टक्क्यांना परत झाला, न वाढवलेल्यांत 27 टक्क्यांना.

आणि इथे आरोग्य खात्याच्या साहेबांना सांगायचंय, पाणी प्यायला सांगता पण जायचं कुठे? माझ्याकडे डबे पोचवणारी बाई सकाळी आठपासून दुपारी तीनपर्यंत पाणी पीत नाही, का तर रस्त्यात कुठे बायकांना जायला जागा नाही. शेतात निंदायला जाणाऱ्या बाया, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या, कंडक्टर पोरी, बंदोबस्तावरच्या पोलीस बाया, सगळ्यांचं हेच. बाजारात, स्टँडवर, हायवेवर स्वच्छ मुताऱ्या बांधणं हा पण मुतखड्याचाच इलाज आहे, मी अगदी मनापासून सांगतेय.

चौथी तक्रार औषधांची आणि ही सगळ्यात मोठी. आमच्याकडे समज असा की खड्याला एक तर ऑपरेशन नाही तर पानफुटीची पानं, कुळथाचं पाणी आणि कोणीतरी सांगितलेली बिअर. मी पानफुटीला नावं ठेवत नाही, आमच्या कुंडीतच आहे, पण कॅल्शियमचा धरलेला खडा कुठल्या पाल्याने विरघळल्याचं मी तरी बघितलं नाही, आणि बिअरने यूरिक अ‍ॅसिड वाढतं ते वेगळंच. पण या दोन्हींच्या मध्ये खरी, तपासलेली औषधं आहेत आणि ती नवीन नाहीत. पोटॅशियम सायट्रेटला अमेरिकेत 1985 ला मंजुरी मिळाली, माझ्या लग्नाच्याही आधी. 1997 च्या एका अभ्यासात 64 जणांना तीन वर्षं बघितलं, नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत 100 पैकी 63 जणांना नवीन खडे झाले, पोटॅशियम-मॅग्नेशियम सायट्रेट घेणाऱ्यांत 13 जणांना. लघवीत यूरिक अ‍ॅसिड जास्त जाणाऱ्या कॅल्शियमच्या खड्याच्या पेशंटला अ‍ॅलोप्युरिनॉल, म्हणजे यूरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी आहे. लघवीत कॅल्शियम जास्त जात असेल तर थायझाइड जातीच्या, बीपीला देतात त्या गोळ्या आहेत.

आणि या गोळ्या म्हणजे सगळ्यांना सरसकट वाटायच्या असंही माझं म्हणणं नाही. मुलीने मला 2023 चा स्वित्झर्लंडचा अभ्यास पण दाखवला, 416 पेशंट, थायझाइड जातीचीच हायड्रोक्लोरोथायझाइड दिली जवळजवळ तीन वर्षं, तर खोट्या गोळीवाल्यांत 59 टक्क्यांना आणि सगळ्यात जास्त डोसवाल्यांत 49 टक्क्यांना परत त्रास, म्हणजे ठामपणे उपयोग झाला असं म्हणता येईना, वर शुगर होणं, गाउट म्हणजे सांधे सुजण्याचा आजार, आणि पोटॅशियम कमी होणं असे त्रास. म्हणूनच तर म्हणतेय की आधी तपासा, मग ज्याला जे लागतं ते द्या. पोटॅशियम सायट्रेट पण किडनी कमजोर असलेल्याला किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असलेल्याला रक्त न तपासता देता येत नाही. वाचणाऱ्यांनी कृपा करून माझं पत्र वाचून मेडिकलमधून गोळ्या आणू नका.

आमच्या बाबतीत तर तिन्ही वेळा गुलाबी सिरपची एकच बाटली दिली, 15 दिवस, संपलं की बंद. खडा व्हायला वर्षं लागतात आणि थांबवायला 15 दिवस? शिवाय आता मुलगी सांगते की ही सिरपं दिसायला आणि चवीला सारखी पण काहींत सायट्रेट सोडियमसोबत असतं आणि काहींत पोटॅशियमसोबत. ज्याला मीठ कमी करायचंय त्याला सोडियमवालं सिरप महिनोन्महिने कशाला? चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, आणि मेडिकलवाल्याने बदलून दिलं तर चालणार नाही हे पण लिहा.

पाचवी, रक्तातल्या कॅल्शियमची. गळ्यात पॅराथायरॉइड नावाच्या छोट्या गाठी असतात, त्यातली एक बिघडली की रक्तात कॅल्शियम वाढतं आणि खडे होत राहतात, तुम्ही किडनी कितीही वेळा साफ करा. रक्तातल्या कॅल्शियमची एक साधी तपासणी आणि ते जास्त आलं तर पीटीएच, म्हणजे त्या गाठींच्या हार्मोनची तपासणी, एवढ्याने कळतं. लहान मुलांना खडा झाला, किंवा घराण्यात भावंडांना झाला, तर सिस्टिन्युरियासारखे, म्हणजे लघवीत सिस्टिन जास्त जाऊन खडे होतात तसले, जन्मजात आजार बघायला लागतात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा हजारपट माहितीये. मग होत का नाही?

मला कळतं, ओपीडीत बाहेर 80 माणसं बसलेली असतात. तुम्ही पथ्य समजावत बसलात तर कळा येणाऱ्या माणसाला कोण बघणार. पण मग ते काम दुसऱ्या कोणाला द्या, आहारतज्ज्ञ मुलगी ठेवा, सिस्टरला शिकवा, ओपीडीबाहेर टीव्हीवर सिरियल लावण्याऐवजी गाळणी कशी धरायची ते दाखवा. आणि सरकारी योजनेत खडा काढायला पॅकेज आहे, आमचं 2020 चं ऑपरेशन त्यातच झालं, त्याबद्दल आभारच, पण खडा परत होऊ नये म्हणून लागणाऱ्या तपासण्या आणि गोळ्या आम्हाला खिशातूनच घ्याव्या लागल्या. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात विचारलं तर पोटॅशियम सायट्रेटच्या गोळ्या नाहीत म्हणून सांगितलं. तिसऱ्या ऑपरेशनला सरकारने जेवढे पैसे भरले तेवढ्यात यांच्या कितीतरी वर्षांच्या गोळ्या आल्या असत्या.

म्हणून मागण्या, थोडक्यात.

काढलेला प्रत्येक खडा डबीत घालून, नाव-तारीख लिहून पेशंटला द्या, आणि निदान पहिला खडा तरी लॅबला पाठवाच. त्याचा रिपोर्ट डिस्चार्ज कार्डाला जोडा.

ज्याला दुसऱ्यांदा खडा झाला, किंवा जो लहान वयाचा आहे, किंवा ज्याला एकच किडनी आहे, त्याची 24 तासांची लघवी आणि रक्तातलं कॅल्शियम तपासल्याशिवाय फाइल बंद करू नका. ही तपासणी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी लॅबमध्ये सुरू करा, गोळा कशी करायची ते मराठीत छापून कॅनला चिकटवा.

तो रबरी शिक्का फेकून द्या. त्याच्या जागी तीन ओळी हाताने लिहा, खडा कशाचा, कारण काय, यांनी काय करायचं. मीठ आणि लघवीचं माप त्यात आलंच पाहिजे, आणि दूध-दही बंद करायचं असेल तर का ते लिहा.

सरकारी योजनेच्या पॅकेजमध्येच खड्याची तपासणी आणि पुढचं वर्षभर फॉलोअप व औषधं धरा. सरकारी दवाखान्यात पोटॅशियम सायट्रेट ठेवा.

बाजार, स्टँड आणि हायवेवर बायकांसाठी स्वच्छ, चालू, पाणी असलेल्या मुताऱ्या. हे दुसऱ्या खात्याचं काम म्हणून ढकलू नका, आरोग्य खात्यानेच मागून घ्या.

भाच्याच्या गोळ्या आता सुरू झाल्यात, मीठ कमी केलंय, दुपारच्या डब्यात मी त्याला रोज दह्याची वाटी देते आणि कंपनीत दोन लिटरचा थर्मास नेतो. तीन महिन्यांनी परत 24 तासांची लघवी तपासायची आहे, बघू 900 चे किती होतात. मिस्टरांची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे. यांची डबी, चारही कार्डं आणि पीएचचे आकडे लिहिलेली कॅलेंडरं माझ्याकडे जपून ठेवलीयेत, तुमच्यापैकी कोणाला बघायची असतील तर सांगा, मी घेऊन येईन.

आपली,
जळगावची एक डबेवाली